प्रतिसाद: ठाम साक्षीदार

‘साक्षीदार डळमळला नाही म्हणजे ओळख खरी’ हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटतं. ठामपणा कधीचा, हे बघायला हवं. पहिल्या ओळखीच्या वेळचा, तोही ओळख परेड (संशयिताला इतरांसोबत रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावणं) नीट घेतलेली असेल तर, बराच भरवशाचा असतो. कोर्टातला नव्हे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मावशीची साखळी ओढली होती. मामलेदारांसमोरच्या ओळख परेडीत ती म्हणाली, “हाच असेल बहुतेक.” बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, “बरोब्बर ओळखलंत!” दीड वर्षाने कोर्टात “शंभर टक्के हाच”. खोटं बोलत नव्हती हो ती, तिला पहिल्यापासून खात्री होती असंच वाटत होतं. वेल्स आणि ब्रॅडफिल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नेमकं हेच दाखवलं: चुकीचा माणूस निवडलेल्यांनाही शाबासकी मिळाली, की आपल्याला आधीपासूनच खात्री होती असं ते सांगू लागतात. मावशीचा ‘बहुतेक’ कागदावर आलाच नव्हता.