फ्रीजरमध्ये काय भरून ठेवता? आपापले अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. सकाळचा स्वयंपाक त्यांचा, संध्याकाळचा माझा, असं नऊ वर्षं चालत आलंय. आता निदान दीड महिना दोन्ही वेळा माझ्याकडे, शिवाय त्यांचे व्यायाम, औषधं आणि माझी ठाणे ते फोर्ट लोकल. पोळ्यांना मावशी येतात. सासूबाईंना बीपी आहे, त्यामुळे बाहेरचं रोज नको. म्हणून यंदा फ्रीजर नीट वापरायचं ठरवलंय. फ्रीज दोन दारांचा आहे, पण आजवर वरच्या कप्प्यात बर्फ, खवलेला नारळ आणि मटार याखेरीज काही ठेवलं नाही.

तुम्ही बाजारातून काय आणता, किती आणता, कच्चं गोठवता की शिजवून? फसलेलंही सांगा. मी मागच्या आठवड्यात बटाट्याची रस्साभाजी गोठवून पाहिली. बटाटा स्पंजासारखा झाला आणि रस्सा पाणचट. सासूबाईंनी मुकाट्याने खाल्ली, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

पुणे, सिंहगड रस्ता

मटारचंच सांगते, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. जानेवारीत भाव उतरला की आम्ही शेजारणी मिळून मार्केट यार्डातून अख्खी गोणी आणतो. एक किलो शेंगांचे जेमतेम अर्धा किलो दाणे निघतात, तो हिशोब आधी करावा. आणलेल्या दिवशीच सोलायचे, कारण तोडल्यापासून दाण्यातली साखर कमी होत जाते आणि दाणा पिठूळ होतो. मग उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, आणि पंचावर पसरून पूर्ण कोरडे. आधी ताटात एकेरी थर देऊन दोन तास फ्रीजरला ठेवते, मग पिशवीत भरते. तसं केलं की गोळा होत नाही, हवे तेवढे मूठभर काढता येतात.

पहिली काही वर्षं मी उकळत्या पाण्याचा टप्पा गाळत असे. मार्चपर्यंत मटार पिवळट पडायचे आणि वाळक्या गवतासारखा वास यायचा. दाण्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात, त्यांना आधी उष्णतेनेच थांबवावं लागतं. हे कळल्यापासून आमचे मटार जूनपर्यंत हिरवे राहतात.

अलिबाग

ताई, मी तुम्हाला एकच गोष्ट सांगेन. तयार भाजी गोठवू नका. तिच्यातला वेळखाऊ भाग तेवढा गोठवा.

आमच्याकडे कडव्या वालाचं बिरडं आठवड्याला एकदा तरी होतंच. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा सोलायचा. किलोभर वाल सोलायला अख्खी दुपार जाते, पण भाजी वीस मिनिटांत होते. म्हणून सोललेल्या डाळिंब्या एका वेळेला लागतील तेवढ्या पिशवीत भरते आणि पिशवी चपटी करून आडवी ठेवते. करताना वितळवायच्या नाहीत. फोडणीवर थेट टाकायच्या, पाणी बेतानं घालायचं. दाणा अख्खा राहतो.

अळूवडीचंही तसंच. पानं मिळाली की एकदम आठ-दहा उंडे वाफवते, पूर्ण गार झाले की एकेक गुंडाळून फ्रीजरला. तळायच्या आधी दहा मिनिटं बाहेर काढायचे. अर्धवट गोठलेला उंडा सुरीनं सुरेख कापला जातो, ताज्यापेक्षाही पातळ वड्या पडतात. माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला साठ माणसांच्या अळूवड्या मी पंधरा दिवस आधी वाफवून ठेवल्या होत्या.

ओलं खोबरं खवून ठेवताच, तर कांदा-खोबरं भाजून वाटणही ठेवून बघा. बर्फाच्या साच्यात घालून घट्ट झाल्यावर वड्या डब्यात काढा. उसळीला दोन वड्या, आमटीला एक. मीठ वाटणात घालू नका. करताना हातानं घातलं की सासूबाईंचं बीपी तुमच्या ताब्यात राहील.

रत्नागिरी

मासे खाणाऱ्यांसाठी लिहितो. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. आमच्या घरी मेच्या शेवटच्या आठवड्यात मिरकरवाड्याला दोन-तीन फेऱ्या होतात. सुरमई गोठवायला उत्तम. तुकडे स्वच्छ धुऊन अगदी कोरडे करायचे, हळद-मीठ लावायचं नाही, कारण मिठानं पाणी सुटतं. एकेक तुकडा सुटा गोठवून थंडगार पाण्यात बुचकळून पुन्हा गोठवला की वर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो. तो नसेल तर फ्रीजरची कोरडी हवा माशातलं पाणी ओढून घेते, पांढरे डाग पडतात आणि मासा चामट लागतो. कोलंबी सोलून, धागा काढून, डब्यात बुडेल एवढं पाणी घालून गोठवतो.

ओले बोंबील मात्र ठेवू नका. त्यांच्यात पाणीच इतकं असतं की बाहेर काढल्यावर काही उरत नाही. त्यांना सुकवणंच योग्य, आणि पावसात सुक्या बोंबलाच्या कालवणाची चव वेगळीच असते.

यवतमाळ जिल्हा

आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, कधी रात्रभर. म्हणून मी फ्रीजरमध्ये कायम एक वाटी ठेवते. वाटीत पाणी, त्याचा बर्फ झाला की वर एक रुपयाचं नाणं. लग्नाला दोन-चार दिवस गावाला जाऊन आलं की आधी वाटी बघायची. नाणं वर असेल तर सगळं ठीक. तळाला गेलं असेल तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते खायचं नाही. गेल्या मे महिन्यात नाणं तळाला सापडलं आणि अर्धा किलो पनीर, पुरण आणि केसर आंब्याचा सहा डबे रस टाकून द्यावा लागला. रसाला तर वासही आला नव्हता, पण घरात दीड वर्षाचं बाळ होतं. टाकताना रडू आलं.

नाशिक, गृहविज्ञान शिकवत होते

वरच्या वाटीच्या युक्तीला माझं पूर्ण अनुमोदन. काही गोष्टी जोडते. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. वीज गेली की उघडून बघायचा मोह टाळावा.

फ्रीजर उणे 18 अंशांवर हवा. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नाही, तिथे महिनोन्‌महिने काही ठेवू नये. थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून शिजवलेला पदार्थ ओट्यावर तासन्‌तास निववत ठेवणं घातक, भात तर विशेष. पसरट ताटात ओता, पंख्याखाली गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजरमध्ये जाऊ द्या. वितळवायचं तेही आदल्या रात्री खालच्या कप्प्यात. काचेची बरणी काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि बरणी तडकते.

बटाट्याचं तुम्ही अनुभवलंतच. फोडी बिघडतात, पण पावभाजीत चेचलेला बटाटा चालतो. दह्याची कढी फुटते, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. राजमा, छोले, मोडाची मटकी, इडल्या, टोमॅटो-कांद्याची परतलेली ग्रेव्ही हे सगळं बिनदिक्कत ठेवा.

एडिसन, न्यू जर्सी

माझ्या बाळंतपणाला आई साताऱ्याहून आली होती. परतीच्या आधीचे पंधरा दिवस ती आणि बाबा रोज ओक ट्री रोडच्या भारतीय दुकानांत जायचे. खवलेला नारळ तिथे गोठवलेला तयार मिळतो, मेथीही मिळते, तेव्हा त्यात तिने वेळ घालवला नाही. तिने केलं ते पुरण, मोडाची मटकी, हळिवाचे लाडू (ओल्या नारळाचे असल्यानं बाहेर टिकत नाहीत) आणि अर्धवट भाजलेल्या पोळ्या, दोन-दोनमध्ये बटर पेपर घालून. बेसमेंटमधला डीप फ्रीझर भरला.

ती गेल्यावर पहिल्यांदा झाकण उघडलं तर पाकिटांवर पदार्थाचं नावच नव्हतं. आईनं लिहिलं होतं, "उशीर झाला तर". दुसऱ्यावर "जावईबापू एकटे असतील तर". चपट्या डब्यांवर "ताप आला तर", आत मुगाचं कढण. मला वाटलं, कशात काय आहे ते कळणार कसं? पण तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन रात्री आठ वाजता फ्रीझरसमोर उभं राहिल्यावर काय शिजवायचं हा विचारच नको असतो. पाकिटावरचं वाचलं की हात तिकडे जायचा. आता मीही तसंच लिहिते, खाली छोट्या अक्षरांत पदार्थ आणि तारीख.

धागा काढणारी, ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस लावले. अलिबागच्या ताई, वाल सासूबाईंनीच सोलले, खुर्चीत बसून, पाय स्टुलावर. "हे तरी माझ्याकडे राहू दे" म्हणाल्या. वाटणाच्या छत्तीस वड्या झाल्या, बिनमिठाच्या. दोन वेळची ग्रेव्ही, राजमा, आठ अळूवडीचे उंडे आणि चार चपटे डबे कढण झालं. नाण्याची वाटी दाराजवळच्या कोपऱ्यात ठेवली आहे.

चिठ्ठ्या लिहायचं काम आमच्या मुलीनं घेतलंय, ती तिसरीत आहे. एडिसनच्या ताईंचं वाचून दाखवलं तर तिनं पहिल्याच डब्यावर लिहिलं, "आजी चालायला लागली तर". त्यात पुरण आहे.