डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवावं का?

नदीकाठ

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: लसीचं शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत दाराबाहेर काढू नका. पिल्लू घरी येतं साधारण दोन महिन्यांचं, आणि डोस संपेपर्यंत ते चार महिन्यांचं झालेलं असतं. मधले दोन महिने ते हॉल, गॅलरी आणि स्वयंपाकघराचा उंबरा एवढंच जग बघतं. मग एक दिवस पट्टा लावून खाली नेतात. रिक्षा सुरू झाली की ते जमिनीला चिकटतं, हेल्मेटवाला दिसला की भुंकतं, काठी टेकत येणाऱ्या आजोबांवर तर जास्तच. घरचे म्हणतात, याचा स्वभावच भित्रा आहे. मला हे पटत नाही. त्यातला बराच भित्रेपणा आपण वाढवलेला असतो.

कुत्र्याच्या पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ फार छोटा असतो, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे तपासलं, १९६५ मध्ये त्यावर पुस्तकही आलं. त्याआधी १९६१ मध्ये तिथल्याच एका प्रयोगात काही पिल्लं चौदा आठवडे माणसाच्या स्पर्शाशिवाय वाढवली होती. नंतर ती रानटी जनावरासारखी माणसापासून पळायची. म्हणजे आपण दार लावून बसतो तेच नेमके महत्त्वाचे आठवडे असतात.

माझं मत सरळ आहे. पिल्लाला या काळात रोज बाहेर न्यावं, पण जमिनीवर ठेवू नये. कडेवर घ्यावं किंवा कापडी झोळीत बसवावं, सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर जरा वेळ बसावं आणि त्याला बघू द्यावं. भाजीची गाडी, शाळेची बस, कचऱ्याची घंटागाडी, रेनकोट घातलेला डिलिव्हरीवाला. नवीन काही दिसलं वा ऐकू आलं की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी आवाज, मग खाऊ. पिल्लू जांभया द्यायला लागलं, सारखं नाक-ओठ चाटायला लागलं, शेपूट पोटाखाली गेली, तर ते कंटाळलेलं नसतं, घाबरलेलं असतं. तेव्हा लांब जायचं. पुण्यात गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तिथे शेजारी नेऊन उभं करायचं नाही. पुलापलीकडून जेवढा बारीक आवाज येतो तेवढ्यापासून सुरुवात करायची.

आणि माणसाळलेलं पिल्लू म्हणजे दिसेल त्याच्या अंगावर उड्या मारणारं पिल्लू नव्हे. शेजारून कोणी गेलं तरी शांत बसून राहतं ते खरं माणसाळलेलं.

डोंगरवाट

तुमच्या लेखात पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांनी पिल्लाचा जीव घेणारा विषाणूचा आजार, हा शब्दच नाही, याचं मला वाईट वाटतं. ज्यांनी तो घरात बघितला आहे त्यांना "रोज बाहेर न्या" वाचून काळजी वाटल्याशिवाय राहणार नाही.

आमचं पिल्लू दुसरा डोस होऊन गेलेलं होतं. सकाळी खाल्लं नाही, दुपारी उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. त्या जुलाबाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. सलाईन लावलं, रात्रंदिवस शेजारी बसलो, ते गेलं. दोन डोस होऊनही कसं झालं, असं सगळे विचारायचे. कारण साधं आहे. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत लसीला काम करू देत नाही, आणि ती कोणत्या पिल्लात कधी संपेल हे वरून कळत नाही. म्हणून तर डोस परत परत देतात आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर घ्यायला सांगतात. "एक झालाय ना, मग चालेल" याला काही अर्थ नाही.

हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. फिनेलने मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. आपल्या रस्त्यांवर, जिन्यांत, पार्किंगमध्ये लस न झालेली कुत्री येऊन-जाऊन असतात. तुम्ही जमिनीवर ठेवू नका म्हणता, पण पिल्लू हातात वळवळतं, पोरं म्हणतात थोडं सोडू या, आणि ते खाली उतरतंच. भित्रं कुत्रं सुधारता येतं. मेलेलं नाही.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत आमच्या पिल्लाचा वागणं शिकवणारा क्लास पहिल्या डोसनंतर आठवड्याने सुरू झाला. तो काही त्या क्लासवाल्याचा मनमानी नियम नव्हता. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये तसं निवेदनच काढलं आहे: सात-आठ आठवड्यांचं पिल्लू, किमान एक डोस झाल्यावर सात दिवसांनी, क्लासला यायला हरकत नाही. कारणही त्यांनी लिहिलंय. तीन वर्षांखालची कुत्री संसर्गापेक्षा वागणुकीच्या तक्रारींमुळे जास्त मरतात, म्हणजे लोक ती सोडून देतात आणि शेवटी त्यांना मारलं जातं. डोंगरवाट, तुमचं दुःख समजतं. पण कोंडून ठेवण्यानेही कुत्री मरतात, ती फक्त उशिरा मरतात म्हणून मोजली जात नाहीत.

डोंगरवाट

तिथला क्लास बंद हॉलमध्ये असतो, फरशी जंतुनाशकाने पुसलेली असते, दारात प्रत्येकाचं लसीचं कार्ड बघतात, आणि बाहेरच्या रस्त्यावर मोकाट कुत्रं नसतं. इथे "पपी क्लास" म्हणजे बऱ्याचदा सार्वजनिक बागेतला हिरवळीचा कोपरा. तिथला नियम इथल्या मातीला लावू नका. आमच्याकडे लोक कुत्री मारत नाहीत, गेटबाहेर सोडतात, हे मात्र तुमचं खरं आहे, आणि तेही वाईटच आहे.

नदीकाठ

बागेतल्या क्लासला मीही नकोच म्हणेन. आणि अनोळखी पिल्लांशी खेळायला तर अजिबात सोडू नये. पण डोंगरवाट, दार बंद ठेवलं म्हणून घर सुरक्षित होतं का? विषाणू चपलांबरोबर आत येतो. घरातली चार माणसं दिवसभर बाहेर हिंडून येतात, पिल्लू त्यांच्या चपला चावतं. खरा धोका टाळायचा तर चपला दाराबाहेर कपाटात, आल्यावर पाय धुणं, घरी येणाऱ्याने आधी हात धुऊन मगच पिल्लाला हात लावणं. हे करणारी घरं मला कमी दिसतात. बाकावर मांडीत बसलेल्या पिल्लाला मात्र सगळे घाबरतात.

शिवाय बाहेर न जाताही पुष्कळ करता येतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी, व्हॅक्यूम क्लीनर, छत्री उघडणं-मिटणं, स्टीलचं ताट पडल्याचा आवाज. रोज पंजे हातात घेऊन बोटं मोकळी करणं, कान उचलून बघणं, दातांवरून बोट फिरवणं, म्हणजे पुढे नखं कापताना आणि डॉक्टरांकडे ओढाताण होत नाही. दाढीवाले काका, नऊवारीतल्या आजी, शाळेचा गणवेश घातलेली पोरं, सगळे घरी बोलावता येतात.

गोठा

मी माण तालुक्यातून लिहितोय. तुम्ही सगळे शहरातलं बोलताय. आम्हाला शेतावर कुत्रं लागतं ते राखणीला. जो येईल त्याच्यापुढे शेपूट हलवणारं कुत्रं आमच्या काय कामाचं? आमच्याकडे कारवानी जातीची कुत्री पाळतात, ती मुळातच परक्याला जवळ येऊ देत नाहीत आणि तेच बरं आहे. पिल्लू लहानपणापासून दावणीला बांधलं, फक्त घरच्यांनी खायला घातलं, की ते घरचं आणि परकं ओळखतं. त्याला बाकावर बसवून चिकन चारायला इथे वेळ कुणाला आहे? दिवसभर रान असतं.

हिरवा चाफा

गोठा, तुमच्याच भागातलं उदाहरण घ्या. धनगराचं कुत्रं मेंढरांना का चावत नाही? ते पिल्लू असल्यापासून कळपात वाढतं, कोकरांच्या उबेला झोपतं, बिऱ्हाड हलेल तिथे जातं. रस्ते, ट्रक, अनोळखी गावं सगळं त्याने लहानपणीच बघितलेलं असतं. आणि रात्री मेंढरांच्या वाड्याजवळ कोणी आलं की तेच कुत्रं पहिलं उठतं. म्हणजे माणसाळणं आणि राखण यांचं वैर नाही. ज्याला रोजच्या गोष्टी माहीत आहेत, त्यालाच वेगळी गोष्ट कळते.

साखळीला बांधून वाढवलेलं कुत्रं परक्याला ओळखतं असं तुम्ही म्हणता. ते प्रत्येकालाच परका समजतं. पाहुण्यांचं पोर, दूधवाला, पोस्टमन. आणि साखळी तुटली की पहिलं पोरालाच चावतं, कारण पोरगं पळतं.

गोठा

धनगराच्या कुत्र्याचं खरं आहे, ते नाकारत नाही. पण ते मोकळं असतं आणि त्याच्याबरोबर दिवसभर माणूस असतो. आम्ही मोकळं सोडलं तर रात्री बिबट्या नेतो, दिवसा शेजाऱ्याच्या कोंबड्या जातात आणि भांडण होतं. बांधणं हौसेचं नाही.

आजीचं_घर

माझी शंका वेगळी आहे. घरात ऐंशीच्या पुढची सासू आणि चार वर्षांचा नातू. पिल्लू दोघांच्या पायात येतं. सासूबाई चालल्या की पदराला लोंबकळतं, नातवाचे हात ओरखडलेले. तुम्ही म्हणता माणसात मिसळू द्या. पण पिल्लाला रेबीजची लस मिळते ते तीन महिन्यांचं झाल्यावर. त्याआधी पोराला दात लागला तर? याचा विचार "मिसळू द्या" म्हणणाऱ्यांनी केलाय का?

दुसरं, शिस्त. आमच्या माहेरी वर्तमानपत्राची सुरळी करून एक फटका द्यायचे, कुत्रं लगेच ताळ्यावर यायचं. घरातला मोठा कोण हे त्याला कळलंच पाहिजे. हे खाऊ देऊन शिकवणं म्हणजे लाच आहे असं मला वाटतं. खाऊ नसेल तेव्हा ते का ऐकेल?

काजवा

पहिल्या शंकेला आधी उत्तर, कारण ती खरोखर महत्त्वाची आहे. दाताने वा नखाने कातडी फाटली तर पिल्लू घरचं आहे, लहान आहे, असा विचार करायचा नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी डॉक्टर. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. आईला लस होती का, पिल्लू कुठून आलं, हे डॉक्टरांना सांगायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. नातू आणि पिल्लू यांना मोठं माणूस शेजारी नसताना एकत्र ठेवायचंच नाही, हा नियम लस झाल्यावरही.

आता सुरळी. "घरातला मोठा कोण" ही कल्पना कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातून आली. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात एकमेकांना अनोळखी लांडगे एकत्र ठेवलेले बघून १९४७ मध्ये त्यावर लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर पोचवली, आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये त्याच डेव्हिड मीच यांनी लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची मारामारी नव्हे.

फटक्याने पिल्लू थांबतं हे खरंच आहे. पण ते काय शिकतं? गुरगुरलं की मार बसतो. म्हणून ते गुरगुरणं सोडतं आणि पुढे कधीतरी न गुरगुरता चावतं. ज्या घरात लहान मूल आहे त्या घराला गुरगुर ऐकू आलीच पाहिजे. तीच तर सूचना असते.

दात लावणं थांबवायला मी हे करते: खेळताना दात कातडीला लागला की हात सैल सोडायचा, खेळ तिथेच बंद, उठून पाठ फिरवायची. थोड्या वेळाने परत खेळ, पण आता तोंडात दोरी किंवा ओला करून गोठवलेला फडका. तीन ते सहा महिन्यांत अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस नवे येतात, हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावायला द्यावंच लागतं. पदर हलता असतो म्हणून धरतं. सासूबाईंच्या चालण्याच्या वेळी पिल्लू जाळीच्या दाराआड हवं. ऐंशीच्या माणसाला पडू देऊन पिल्लाला शिकवायचं नसतं.

आणि पिल्लाला दिवसात अठरा तास झोप लागते. संध्याकाळी पिसाळल्यासारखं धावतं, चावतं, ते बहुतेक वेळा झोप न झालेलं पिल्लू असतं. नातवाला सांगा, ते झोपलं की उठवायचं नाही.

आजीचं_घर

झोपेचं माहीत नव्हतं, आमच्याकडे दिवसभर पोरं त्याला उचलत असतात. जाळीचं दार आजच बघते. पण खाऊचं उत्तर दिलं नाहीत.

काजवा

खाऊ समोर दाखवून "बस" म्हटलं तर ती लाच. आधी बसलं आणि मग खाऊ आला तर ती मजुरी. सुरुवातीला प्रत्येक वेळी द्यायचा, सवय लागली की कधी खाऊ, कधी दार उघडणं, कधी चेंडू, कधी नुसतं "शाब्बास". जे त्याला त्या क्षणी हवं असतं तेच बक्षीस. फिरायला जायची घाई आहे? मग खाली बसलं की दार उघडतं, उड्या मारल्या की बंद होतं. त्याला खाऊ लागतच नाही.

डोंगरवाट

नदीकाठ, चपलांचा मुद्दा मान्य आहे. कडेवर घेऊन गेटपर्यंत, झोळीतून, कोणाचा हात न लावू देता, एवढ्याला मी आता विरोध करणार नाही. पण तुमच्या मूळ लेखात पार्व्होची लक्षणं आणि ब्लीचचं प्रमाण घाला, एकास तीस पाणी. पहिली उलटी झाली आणि पिल्लाने खाणं टाकलं की सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर. आणि ज्या घरात मागच्या वर्षभरात पार्व्होने पिल्लू गेलंय, त्यांनी डोस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू आणूच नये, हेही लिहा. लोक चार आठवड्यांत दुसरं आणतात.

नदीकाठ

या सगळ्या गोष्टी घालते. एक भर माझी: दोन महिन्यांखालचं पिल्लू घेऊच नका, विकणाऱ्याला कायद्यानेही ते विकता येत नाही. आईजवळ आणि भावंडांत ते किती जोरात चावलं की दुसरं किंचाळतं हे शिकतं, ते आपल्याला नंतर शिकवायला फार जड जातं. गोठा, तुम्ही नवीन पिल्लू आणणार असाल तर बांधायच्या आधीचे हे दोन महिने तरी त्याला पोरांबरोबर, शेळ्यांजवळ, एसटीच्या थांब्यापर्यंत फिरवा. राखण ते करेलच.

गोठा

दिवाळीनंतर आणतोय. पोरांना सांगून ठेवतो. पण रात्री बांधणार, ते ठरलेलं आहे.