पाय टेकतात का? क्रूझर घेतल्याचे, चालवल्याचे आणि पाडल्याचे अनुभव

चेंबूरकरीण
आज सकाळी अमर महालच्या सिग्नलला शेजारी एक मुलगी येऊन थांबली. मीटिऑर ३५०, रॉयल एन्फिल्डची क्रूझर, म्हणजे बसकी, पाय पुढे सोडून चालवायची बाईक. दोन्ही पाय रस्त्यावर सपाट, हात मांडीवर, गॅलरीत बसल्यासारखी निवांत. मी आपली स्कूटरवर, एक पाय दुभाजकावर. आणि वीस वर्षांपूर्वीची उजवी पोटरी एकदम आठवली.

२००५ साली दादाने बजाजची क्रूझर, अ‍ॅव्हेंजर घेतली, पहिली १८० सीसीवाली. घरात तिचा मान असा की दसऱ्याला आई टाकीवर हळदकुंकू लावायची आणि ती वळली की दादा फडक्याने पुसून काढायचा. मी तेव्हा चोवीसची, उंची पाच फूट एक. रविवारी पहाटे तो मला बॅलार्ड इस्टेटला न्यायचा, कारण तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. त्याच्या मित्राच्या बुलेटवर माझे फक्त अंगठे टेकायचे, हिच्यावर टाचा टेकल्या. म्हटलं, आलं की मला! सरळ रस्त्यावर आलंच होतं. मग यू-टर्न. हँडल पूर्ण वळलेलं, वेग चालण्याइतका, आणि मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उजवीकडे आडवी. दादा धावत आला, त्याने आधी लेग गार्ड बघितला, मग मला. सायलेन्सरने रुपयाएवढा डाग दिला, तो अजून आहे. आईला सांगितलं इस्त्री लागली. पोटरीला इस्त्री कशी लागते, हे तिने विचारलं नाही.

लेकीने काल वडाळ्याला लायसन्सची टेस्ट दिली, आठचा आकडा पाय न टेकवता काढला. आता तिला क्रूझरच हवीय. लेकीचं वजन ४७ किलो. नवरा म्हणतो स्कूटर घे. माझं काही ठरेना. तुमच्या गाड्या, तुमचे यू-टर्न, सगळं लिहा.

बंड्या_घाटकोपर
इस्त्री! हसून हसून पुरेवाट. ट्रेनमध्ये एकटाच हसतोय, समोरचे काका बघतायत.

नवीन_गियर
रुमाल टाकतोय. मलाही पहिली गाडी घ्यायचीय, वाचतोय.

लंबूटांग
माझं उलटं. सहा फूट एक. सगळ्यांनी सांगितलं की पाय पुढे सोडून बसायचं तर उंच माणसाने क्रूझरच घ्यावी. घेतली. शोरूममध्ये स्वर्ग. मग सायन ते पवई रोज. पाय पुढे असले की खड्ड्यावर बूड उचलता येत नाही हो! साध्या बाईकवर पाय खाली असतात, खड्डा दिसला की जरा उभं राहायचं, गुडघे झेलतात. इथे सगळा दणका थेट माकडहाडात. त्यात आपले पेव्हर ब्लॉक. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, बैठं काम करता का. म्हटलं, हो, बाईकवर.
तरी विकली नाही. हायवेला लागलं की सगळं माफ.

अपर्णा_ठाणे
आमच्याकडे ह्यांनी पन्नाशीला सुपर मीटिऑर ६५० आणली. २४१ किलो. नवरा ६४ किलो. सीट खाली आहे, पाय मस्त टेकतात, पण आमच्या सोसायटीचं पार्किंग उतरतं. पहिल्या दिवशी नाक भिंतीकडे करून लावली आणि सकाळी मागे ढकलता येईना. वॉचमन, दूधवाला आणि मी, असे तिघे. वॉचमन म्हणाला, "साहेब, हिला रिव्हर्स गियर नाही का?" आता तोंड चढाकडे करून लावतात. रविवारी दोन तास पुसतात, पाऊण तास चालवतात.
ताई, पाय टेकणं वेगळं आणि गाडी पेलणं वेगळं, एवढंच सांगते. कुकर झाला, येते.

चेंबूरकरीण
@अपर्णा, "पेलणं" हाच शब्द मला सापडत नव्हता. मीटिऑर बघून आलो, सीट ७६५ मिमी, लेकीचे पाय पुरतात. पण १९१ किलो. म्हणजे तिच्यासारख्या चार जणी.

जुनाट
आत्ताच्या पोरांना बटण दाबलं की झालं. आमच्या बुलेटला गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. अँपिअरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक हळूच खाली घ्यायची, मग मारायची. चुकलं तर किक उलटी यायची. १९८९ साली माझा घोटा असा सुजला की साखरपुड्याला एका पायात बूट, एका पायात स्लीपर. सासरेबुवा आजही फोटो दाखवतात.

रोडकिंग७८
@जुनाट काका, म्हणून आम्ही येझ्दीवाले. किकचा आणि गियरचा दांडा एकच! किक मारा, पुढे पाडा, गियर टाका. मैसूरच्या कारखान्याचा आशीर्वाद.

जुनाट
आणि मागे निळा धूर. कॉलनीत डासांची फवारणी आली समजायचो.

काटेकोर
दोघांनाही नमस्कार, पण बुलेट किंवा येझ्दी क्रूझर नव्हे. क्रूझर म्हणजे सीट खाली, पाय पुढे, हँडल अंगाकडे ओढलेलं, दोन चाकांतलं अंतर जास्त. बुलेटच्याच घराण्यातल्या क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिमी आहे, तिच्यावर तुम्ही सरळ बसता. आपल्याकडे वजनदार आणि धडधड करणारी प्रत्येक गाडी क्रूझर समजतात. भारतात सर्वसामान्यांना ती बैठक आधी बजाजच्या कावासाकी एलिमिनेटरने दाखवली, २००१ साली. अ‍ॅव्हेंजर तिचीच पुढची पिढी.
आणि चाकांतलं अंतर जास्त म्हणूनच यू-टर्नला जागा जास्त लागते. चेंबूरकरीण ताई, तुमची चूक अर्धीच.

बंड्या_घाटकोपर
काटेकोर आले, धागा पावन झाला.

मीठभाकर
बॅलार्ड इस्टेट म्हटलं की मला फक्त ब्रिटानियाचा बेरी पुलाव आठवतो. सॉरी. चालू द्या.

अपर्णा_ठाणे
@मीठभाकर आणि कॅरॅमल कस्टर्ड!! आता भूक लागली ना.

आंबिवली_फास्ट
माझा प्रश्न वेगळाच आहे. आठवडाभर लोकल, गाडी फक्त रविवारसाठी हवी. पण मुंबईत चांगला लांब सरळ रस्ता दिसला की तिथे दुचाकीला बंदी. सी लिंक नाही, कोस्टल रोड नाही, अटल सेतू नाही, जेजेचा पूलही नाही, खालून जा. पुण्याला जायचं तर एक्सप्रेसवे नाही. क्रूझर घेऊन क्रूझ करायचं कुठे? गच्चीवर?

घाटवाट
@आंबिवली, तुम्ही तर नशीबवान. कल्याणवरून मुरबाड, पुढे माळशेज. किंवा शहापूर, कसारा, इगतपुरी. पुण्याला जुन्या हायवेने जा, मध्ये वडापाव तरी मिळतो. शहरातल्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडावी, बाईक बोटीत चढते, तासाभरात पलीकडे. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरुड. तिथे चाळीस-पन्नासच्या वेगाने नारळीपोफळीतून जाताना क्रूझर कशासाठी असते ते कळतं.
माळशेज पावसात मात्र नको. धुकं एवढं की स्वतःचं पुढचं चाक दिसत नाही, आणि धबधब्याखाली नाचणारे लोक वळणावर मधोमध.

सावकाश_जा
मी हसवणारं लिहू शकत नाही, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. तीन वर्षांपूर्वी, जुलै, अंधेरी. मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर लोखंडी प्लेटा टाकलेल्या. पावसाची भुरभुर नुकती सुरू झालेली. पुढे रिक्षा थांबली, मी प्लेटेवरच मागचा ब्रेक जोरात दाबला. मागचं चाक बाजूने पुढे आलं. गळपट्टीचं हाड मोडलं. तीन महिने केस आईने विंचरून दिले. बत्तिसाव्या वर्षी आई दोन वेण्या घालते म्हणजे काय, कुणाला सांगणार.
माझ्या गाडीला सिंगल चॅनल एबीएस होतं. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. सिंगल असेल तर ती फक्त पुढच्या चाकाला असते, हे मला हॉस्पिटलात कळलं. घेताना मी रंग विचारला होता. लोखंड, पांढरे पट्टे, ओला रंग, यांच्यावर असताना ब्रेक नाही, वळण नाही. आधी वेग कमी करायचा आणि सरळ पार व्हायचं.
आता परत चालवते. दोन्ही चाकांना एबीएस असलेली घेतली.

चेंबूरकरीण
@सावकाश_जा, खूप वेळ काही लिहिता आलं नाही. दोन वेण्या वाचून आईला फोन लावला.

लंबूटांग
ताई, काळजी घ्या. धन्यवाद, खरंच माहीत नव्हतं. खाली जाऊन माझी गाडी बघतो.

मिनू
सगळं खरं, पण हेल्मेटखाली केसांचं काय करता? आता मागच्यालाही सक्ती आहे. मी ऑफिसला पोचते तेव्हा घरटं झालेलं असतं.

सावकाश_जा
@मिनू सुती स्कार्फ, आधी गाठ खाली. मोठी क्लिप अजिबात नको.

वायसर_पाना
माझं गॅरेज आहे, नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल. नव्या लोकांना एवढंच सांगतो. शोरूममध्ये स्टँडवरच्या गाडीवर बसून फोटो काढू नका. स्टँड काढायला लावा. बसल्या बसल्या पायांनी दोन पावलं मागे घ्या. मग हँडल टोकापर्यंत वळवा, दोन्ही बाजूंना. लांब हँडल असलं की बाहेरचा हात पुरत नाही, उंची कमी असलेल्यांचा खांदा ओढला जातो. तिथे पडतात लोक.
आणि उचलायची कशी ते शिकवा पोरीला. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, नाहीतर उचलून पलीकडे पाडाल. गियरमध्ये टाकायची म्हणजे सरकत नाही. मग गाडीकडे पाठ करून, बूड सीटला लावून, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर मागे मागे चालायचं. कंबर वाकवून उचलाल तर माझ्याकडे गाडी येईल आणि तुम्ही हाडवैद्याकडे.

नवीन_गियर
काका, पहिली गाडी म्हणून कुठली?

वायसर_पाना
पोराचं वजन बघितल्याशिवाय सांगत नाही. हलकी हवी तर जुनी अ‍ॅव्हेंजर १६० बघ, दीडशे किलोच्या आसपास, सीट ७३७ मिमी. एबीएस सिंगल आहे, वरच्या ताईंचं लक्षात ठेव. जुनी घेताना स्टिअरिंगचे बेअरिंग तपास, पुढचं चाक अधांतरी करून हँडल सावकाश फिरव. मध्यावर खटकन अडकलं तर बदलायला आलेत.

जुनाट
हे आमच्या काळी कोणी सांगितलं असतं तर साखरपुड्यात दोन्ही बूट घातले असते.

चेंबूरकरीण
अपडेट. @वायसर_पाना यांचं वाचून लेकीला परत घेऊन गेले. स्टँड काढायला लावला, तर सेल्समन म्हणाला मॅडम कशाला. ती दोन पावलं मागे गेली, हँडल वळवलं आणि स्वतःच म्हणाली, "आई, उजवा खांदा ओढतोय." उतरली. मी एक शब्द बोलले नाही, याची नोंद घ्यावी.
दादाला फोन केला. त्याची जुनी गाडी त्याने २०१४ मध्ये विकली, पण म्हणाला ओळखीत एक १६० आहे, रविवारी आणतो, बॅलार्ड इस्टेटलाच भेटू. आणि म्हणे, येताना तू फुल पँट घालून ये.

बंड्या_घाटकोपर
मामा आधी लेग गार्ड बघणार की भाचीला? पैज?

मीठभाकर
रविवारी कोण कोण येतंय? मी फक्त खायला.

आंबिवली_फास्ट
कोणाकडे जुन्या अ‍ॅव्हेंजर २२० चा लेग गार्ड पडून आहे का? थोडा वाकलेला चालेल. गाडी अजून घेतली नाहीये.