आधी विका, पण विम्याचा बोनस राखून ठेवा

स्पोर्ट्स कारचं नवं मॉडेल घ्यायचं असेल तर जुनी आधी विकावी की नंतर, या प्रश्नावर नवी गाडी दारात आल्याशिवाय जुनी विकू नका, असं वर दोघांनी लिहिलंय. साध्या गाडीला ते ठीक आहे, स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मला पटत नाही. नागपुरात अशा गाडीला गिऱ्हाईक मोजकंच. माझी मस्टँग जायला चार महिने लागले, अन् घेणारा शेवटी पुण्याचा निघाला. एमएच-31 पासिंग (म्हणजे नागपूरची नोंदणी) असली तरी राज्यातल्या राज्यात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही, म्हणून तिकडेही जाहिरात द्याच. आणि दिवाळीच्या आधीच द्या. जानेवारी लागला की गिऱ्हाईक गाडी एका वर्षाने जुनी धरतं.

नो क्लेम बोनसबद्दल, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो! सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) प्रीमियमवर 50 टक्के सूट मिळते. महागड्या गाडीत ही रक्कम मोठी असते. आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) नव्या मालकाच्या नावावर झाली की विमा कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र मागून घ्या. ते 3 वर्षं चालतं, त्यामुळे नवं मॉडेल उशिरा आलं तरी सूट बुडत नाही. मी विकल्यावर सात महिन्यांनी नवी घेतली, पूर्ण 50 टक्के मिळाले.