माणूस चंद्रावर गेला नसता, तर आज आपल्या हाती काय नसते?

शुक्लपक्ष:
१९६९ ते १९७२ या काळात बारा माणसे चंद्रावर उतरली, त्याचा आज नेमका उपयोग काय, असे नववीतल्या भाचीने विचारले आणि मला धड उत्तर देता आले नाही. राष्ट्राभिमान आणि शीतयुद्धातील सरशी या गोष्टी मान्य आहेत. परंतु यंत्राकडून झाले नसते आणि अजूनही उपयोगी पडते, असे त्या माणसांच्या हातचे काही उरले आहे का?

निशाचर:
परावर्तक आरसे उरले आहेत. अपोलो ११ आणि १४ च्या अंतराळवीरांनी प्रत्येकी १०० आणि अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी ३०० लोलकांचा संच चंद्रावर ठेवला. प्रत्येक लोलकात, घराच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळावी तशी, काटकोनात मिळणारी तीन पृष्ठे असतात, त्यामुळे प्रकाश आल्या वाटेनेच परततो. त्यांना वीज लागत नाही, म्हणून अपोलोचे भूकंपमापक १९७७ साली बंद केले गेले तरी हे आरसे अजून कामात आहेत. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा झोत चंद्रावर पोहोचेपर्यंत सुमारे दोन किलोमीटर पसरतो, परतताना आणखी फाकतो, आणि अडीच सेकंदांनी दुर्बिणीत मोजकेच प्रकाशकण येतात. तरीही त्यांच्यावरून चंद्राचे अंतर मिलिमीटरच्या हिशेबात काढता येते. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटरने दूर जातो, हा आकडा या मोजणीतूनच पक्का झाला.

बसाल्ट:
निशाचर यांची माहिती बरोबर आहे, पण मूळ प्रश्न त्यामुळे सुटत नाही. सोव्हिएत संघाने लुनोखोद १ आणि २ या माणसाविना चालणाऱ्या गाड्यांवरून फ्रेंच बनावटीचे तसेच आरसे पाठवले होते, आणि २०२३ साली उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम यानावरही एक छोटा परावर्तक आहे. आरसा ठेवण्यासाठी माणूस लागत नाही. उलट अपोलो १६ च्या वेळी जॉन यंग यांचा पाय केबलमध्ये अडकून ती तुटली आणि जमिनीतील उष्णता मोजण्याचा प्रयोग वाया गेला, हेही भाचीला अवश्य सांगावे.

माणूस लागतो तो दगड निवडायला. सहा अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली. त्याच दशकातील तीन सोव्हिएत यंत्रांनी मिळून आणलेली माती अर्धा किलोसुद्धा भरत नाही. वजनापेक्षाही निवड महत्त्वाची. डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरील शॉर्टी विवराच्या काठावर अपोलो १७ चे अंतराळवीर हॅरिसन श्मिट यांना स्वतःच्याच बुटांनी उकरल्या गेलेल्या जागी नारिंगी माती दिसली. ते पेशाने भूवैज्ञानिक असल्यामुळे तिथेच थांबले, त्यांनी आडवा चर खणला आणि नमुने घेतले. प्राचीन ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले ते काचमणी होते. अशाच मण्यांमध्ये २००८ साली पाण्याचा अंश सापडला आणि चंद्राचा अंतर्भाग पूर्णपणे कोरडा असल्याची समजूत मोडली. त्या वेळच्या यंत्राने ठरवून दिलेल्या जागेवरची करडी धूळच उचलली असती, असे माझे मत आहे.

कुलाबा:
यात एक धागा मुंबईचाही आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि नरेंद्र भांडारी यांच्या गटाने अपोलोच्या नमुन्यांवर काम केले होते. वैश्विक किरणांतील जड अणुकेंद्रे खनिजाच्या कणात शिरली की सूक्ष्म जखमा करून जातात. कण रसायनात बुडवला की त्या जखमा रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघांसारख्या मोजता येतात. त्यांच्या संख्येवरून तो कण किती काळ उघड्यावर पडून होता, याचा अंदाज बांधता येतो.

शुक्लपक्ष:
बसाल्ट, आपला मुद्दा पटला. एक शंका मात्र राहते : पन्नास वर्षांत हे नमुने तपासून संपले नाहीत का?

बसाल्ट:
नाही, कारण मोठा भाग मुद्दाम राखून ठेवला आहे. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी टॉरस-लिट्रो दरीतील दरडीच्या राडारोड्यात हातोडीने एक दुहेरी नळी ठोकली आणि तिचा खालचा अर्धा भाग चंद्रावरच निर्वात डब्यात बंद केला. वरचा अर्धा भाग ह्यूस्टनमध्ये २०१९ साली उघडण्यात आला. खालचा उघडायला २०२२ साल उजाडले, आणि तेव्हाही आधी डब्याला सूक्ष्म छिद्र पाडून आतला वायू काढून घेतला, मगच मातीला हात लावला.