शेवटी नरच का उरतात?

पाणथळ्या:
फ्लोरिडातली डस्की सीसाइड स्पॅरो ही चिमणी कशी संपली ते वाचत होतो. डास मारायला दलदल पाण्याखाली घातली, वर डीडीटीची फवारणी, नंतर हायवे. १९७५ नंतर मादी कुणाला दिसलीच नाही, शेवटी जे पकडून आणले ते सगळे नर. दुसऱ्या उपजातीच्या माद्यांशी संकर करून बघितला पण १९८७ ला शेवटचा नरही पिंजऱ्यातच मेला. हे नुसतं नशीब का? आम्ही दर वर्षी आवाज ऐकून पक्ष्यांचा काउंट करतो म्हणून जास्तच डोक्यात बसलंय.

दयाळ७:
नशीब कसलं. रात्री अंड्यांवर बसतं कोण? बऱ्याच जातींत मादीच, त्यामुळे उंदीर मांजर साप आला की तीच सापडते आणि नर आपला फांदीवर सुखरूप. शिवाय मोठी झाल्यावर पोरगे बहुधा जवळपासच राहतात आणि पोरी लांब जातात (सासरी म्हणा हवं तर), पण जंगलाचे तुकडे झालेले असले की त्या भलतीकडेच एकट्या पडतात. पक्षी अभ्यासक पॉल डोनाल्डने २००७ मध्ये पक्ष्यांतल्या नर-माद्यांचा सगळा डेटा एकत्र केला त्यात नर माद्यांपेक्षा सरासरी ३३% जास्त निघाले, धोक्यातल्या जातींत फरक आणखी मोठा. आणि तुझ्या काउंटचं म्हणशील तर जोडी न जमलेला नर जास्त गातो, म्हणजे दहा आवाज ऐकून दहा जोड्या लिहिल्या की झालाच घोळ.

माळरान_कोल्हापूर:
गाण्याचं अजून एक. ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर हा पक्षी, जेमतेम तीनशे उरलेत. कोवळ्या नराला गाणं मोठ्या नरांकडून शिकावं लागतं पण शिकवायला आजूबाजूला कुणी नाहीच, मग तो दुसऱ्याच जातीची गाणी उचलतो. २०२१ च्या अभ्यासात असे १२% नर सापडले. माद्या अशांना फारशी दाद देत नाहीत. म्हणून सिडनीच्या टारोंगा झूमध्ये आता पिल्लांना रेकॉर्डिंग ऐकवतात, जोडीला जुना नर ठेवतात, थोडक्यात क्लासच लावलाय 😄

सुगरणबाई:
पण उलटंही होतं हं. सेशेल्स वॉर्बलर, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचा छोटा पक्षी, १९६८ ला कझिन बेटावर साधारण २६ पक्षी उरले होते. ह्यांच्यात लेकी घरी थांबून पुढची पिल्लं वाढवायला मदत करतात. मग जिथे किडे भरपूर तिथे आई मुलीच जास्त काढते, मुलगे फक्त १३%, आणि जिथे खायची मारामार तिथे मुलगे ७७%, कारण तिथे घरी थांबलेली लेक मदत कमी आणि खाणारं तोंडच जास्त. पक्ष्यांत लिंग आईच्या अंड्यावर ठरतं. आपल्याकडे बापावर ठरतं तरी बोलणी सुनेलाच, असो.

पाणथळ्या:
भारी! म्हणजे काउंटच्या शीटवर 'गाणारा नर' आणि 'जोडी' असे वेगळे रकाने करायला लागणार. दयाळ पक्ष्याची मादी राखाडी म्हणून कळते पण वटवट्या पक्ष्याचं काय, दोघं सारखेच दिसतात की.

दयाळ७:
थोडं थांबायचं. दोघं चोचीत चारा घेऊन एकाच झुडपात शिरताना दिसले तर जोडी लिही, नाहीतर फक्त नर. तुमचा आकडा खाली येणार बघ, ग्रुपवर ओरडा होईल.