गरम इंजिनावर सुरू न होणारी गाडी : दोष कशावरून सापडला?

सकाळी थंड गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होते. तासभर चालवून थांबवली आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली की मात्र ती हटून बसते, आणि बोनेट उघडून पाऊण तास उभे राहिले की काही घडलेच नाही अशा थाटात चालू होते. माझ्या पेट्रोल गाडीचे चार महिने असे चालले आहे, तेही दर वेळी नव्हे, पाच-सहा वेळांतून एखाद्या वेळी. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत इंजिन निवलेले असते आणि तिथे ती गुणी बाळासारखी वागते. आतापर्यंत बॅटरी, प्लग आणि पेट्रोलचा फिल्टर बदलून झाला. तिघांपैकी एकही दोषी नव्हता.

ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा. विनंती एवढीच की ‘अमुक भाग बदला’ यावर न थांबता दोष तोच होता हे कशावरून ठरले ते सांगावे, आणि सेल्फ फिरूनही इंजिन पकडत नव्हते की सेल्फच फिरत नव्हता, हे सुरुवातीलाच लिहावे, कारण हे दोन आजार सर्वस्वी वेगळे आहेत. माझ्याकडे सेल्फ फिरत नाही. नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. कधी तोही येत नाही.

* * *

आमच्या गाडीचा सेल्फ जोमाने फिरे, पण इंजिन पकडत नसे. स्कॅनर लावला तर दोषाचा एकही कोड नाही, म्हणून दोन मेकॅनिकांनी ‘गाडीत काही नाही’ असा निर्वाळा दिला होता. सुगावा लागला तो आरपीएमच्या काट्यावरून. सेल्फ मारताना आमच्या गाडीत हा काटा दोन-तीनशेपर्यंत थरथरत वर येतो. गाडी अडली की तो शून्यावर चिकटून राहतो, असे माझ्या मुलीच्या लक्षात आले. म्हणजे इंजिन फिरत असल्याचे गाडीतल्या संगणकाला कळतच नव्हते, आणि जे फिरतच नाही त्याला तो ना ठिणगी देणार, ना पेट्रोल.

संशय क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे फिरणे टिपणाऱ्या, सेन्सरवर गेला. हा सेन्सर दोन तारांचा, आत गुंडाळी असलेला होता. थंड असताना मल्टिमीटरने त्याचा रोध सुमारे ८५० ओहम दाखवला, म्हणजे अगदी ठीक. मग तो काढून टेबलावर ठेवला, मीटर जोडून ठेवले आणि केस वाळवण्याच्या यंत्राने गरम हवा सोडली. आकडा हळूहळू हजाराच्या पुढे चढला, आणि मग एकाएकी मीटरवर ‘जोडणी नाही’ अशी खूण आली. यंत्र बंद करून वाट पाहिली, तर सहा-सात मिनिटांनी आकडा आपोआप परत आला. केसासारखी बारीक तार आत कुठेतरी तुटलेली होती; तापल्यावर टोके दूर जात आणि निवल्यावर पुन्हा टेकत. नवा सेन्सर बसवल्याला दोन वर्षे झाली.

तीन तारांचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे गुंडाळीऐवजी चुंबकत्व ओळखणारी चिप असलेला, असतो. त्याच्यावर ओहमची ही चाचणी लागू पडत नाही, त्याचा सिग्नल तपासावा लागतो.

* * *

मी वही ठेवली होती, आणि मला उत्तर वहीनेच दिले. गाडी बंद केल्यावर दोन मिनिटांत किल्ली मारली तर ती सुरू होई, दीड तासानेही होई. अडायची ती दहा ते चाळीस मिनिटांच्या खिडकीतच. गाडी थांबली की पाण्याचा पंप थांबतो, समोरून येणारा वाराही थांबतो, पण इंजिनाच्या लोखंडात साठलेली उष्णता बाहेर पडतच असते. त्यामुळे बोनेटखालच्या पुष्कळशा वस्तू गाडी चालू असतानापेक्षा ती थांबल्यानंतर जास्त तापतात.

सेल्फ फिरत होता. मी दोन गोष्टी करून पाहिल्या. किल्ली ‘ऑन’वर नेऊन पंपाचा गुंजारव थांबेपर्यंत थांबायचे आणि असे तीनदा करून मग सेल्फ मारायचा, याने गाडी सुरू झाली तर लाइनमधला दाब उतरत असल्याचा संशय घ्यावा. माझी झाली नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून सेल्फ मारला, कारण बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत असे केल्यावर सेल्फ फिरत असेपर्यंत संगणक पेट्रोल तोडतो. इंजिन धडपडत सुरू झाले आणि मागून पेट्रोलचा उग्र वास आला. म्हणजे पेट्रोल कमी नव्हते, जास्त होते. पुढच्या खेपेस गाडी अडताच प्लग काढायला लावले, तर तिसरा ओला निघाला, बाकीचे कोरडे. त्या सिलिंडरचा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) गाडी बंद असताना ठिबकत होता. प्लग गार झाल्यावर काढले असते, तर तोही कोरडाच दिसला असता.

* * *

वरच्यासारखाच पेट्रोलचा वास, पण कारण निराळे. इंजिन चांगले तापलेले असताना स्कॅनरवर पाण्याचे तापमान उणे ४० अंश दिसत होते. त्या सेन्सरचा रोध तापमान वाढले की कमी होतो, त्यामुळे तार तुटली की संगणकाला कडाक्याची थंडी वाटते आणि तो भरपूर पेट्रोल ओततो. सेन्सर चांगला होता. कनेक्टरमधली हिरवी पडलेली पिन दोषी होती.

* * *

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीबद्दल लिहितो, कारण या दुखण्याचे मूळ घर तेच आहे. तिथेही दोन प्रकार असतात आणि लोक दोन्हींना ‘व्हेपर लॉक’ म्हणून मोकळे होतात. लाइनमध्ये किंवा पंपात पेट्रोलची वाफ झाली तर कार्ब्युरेटर उपाशी राहतो. पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी सुरू झाली तर हा प्रकार. उलट कार्ब्युरेटरच्या वाटीतलेच पेट्रोल उकळून खाली सांडले तर गाडी ‘ओव्हर’ होते, आणि मग फडक्याचा काही उपयोग नसतो. माझी ओव्हर होत असे. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकलाइटचा जाड ठोकळा असतो, तो ओव्हरहॉल करणाऱ्याने काढून फक्त कागदी पॅकिंग घातले होते. ठोकळा परत बसवला आणि प्रश्न संपला. तो ठोकळा तिथे उष्णता अडवण्यासाठीच असतो, हे त्या कारागिराला ठाऊक नसावे यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

* * *

डिझेल गाडी, कॉमन रेल प्रकारची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून (रेल) डिझेल मिळते. सेल्फ फिरे, इंजिन पकडत नसे. गरम असताना सेल्फ मारताना रेलचा दाब स्कॅनरवर १२० बारच्या वर जात नव्हता. या इंजिनाला इंजेक्टर उघडण्यापूर्वी दोनशेच्या वर दाब लागतो. पंप बदला, असा सल्ला मिळाला. त्याआधी चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि सेल्फ मारला: तीन बाटल्यांचा जेमतेम तळ ओला झाला, चौथी निम्मी भरली. थंड डिझेल जाड असते, म्हणून झिजलेल्या इंजेक्टरमधूनही कमी गळते. गरम झाले की पातळ होऊन निसटते.

* * *

गरम म्हणजे इंजिनच गरम, असे धरून चालू नये. माझी गाडी उन्हात उभी राहिली की, इंजिन थंड असतानाही, सेल्फ फिरून सुरू होत नसे. मागच्या आसनावर कान लावला तर किल्ली ‘ऑन’ केल्यावर पंपाचा आवाज येत नव्हता. डॅशबोर्डखालच्या पंपाच्या रिलेचे झाकण उघडून भिंग धरले, तर एका पिनेभोवतीच्या डाखेत गोल चीर दिसली. ती पुन्हा डाखून घेतली, आणि पंप बोलू लागला.

* * *

थोडा विरोधी सूर लावतो. मी पंप बदलला, गाडी सुधारली, आणि मी सगळ्यांना ‘पंपच बदला’ असे सांगत सुटलो. पुढच्या उन्हाळ्यात दुखणे परतले. पंप बदलला त्याच आठवड्यात हवा गार झाली होती, एवढेच. आणखी एक: इंजिन तापलेले असताना तपासणीसाठी पेट्रोलची लाइन सैल करू नका किंवा हवेच्या मार्गात ज्वलनशील स्प्रे मारू नका. मी मारला होता. भुवया परत उगवायला वेळ लागला.

* * *

धागा काढणारा पुन्हा लिहितो आहे. गाडी अडेल तेव्हा बोनेटखाली हात घालायला वेळ मिळणार नाही हे वरच्या अनुभवांवरून पटले, म्हणून सेल्फच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला वीज जोडून देणाऱ्या, तांब्याच्या गुंडाळीच्या विद्युतचुंबकाच्या) बारीक टर्मिनलपासून एक लांब तार फ्यूज घालून आत आणली आणि मल्टिमीटर शेजारच्या आसनावर ठेवला. अकराव्या दिवशी गाडी अडली. बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते, आणि किल्ली पूर्ण फिरवून धरली असताना टर्मिनलवर ७.९. वाटेत ४.४ व्होल्ट हरवत होते. किल्लीच्या स्विचच्या दोन बाजूंना मीटर लावल्यावर त्यातले ३.६ एकट्या स्विचमध्ये सापडले. उघडल्यावर आतली पट्टी जळून काळी पडलेली दिसली.

थंड असतानाही साधारण दोन व्होल्ट जात होते, पण तेवढ्यात भागत असे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापलेल्या सोलेनॉइडचा तीस टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो. आधीच उपाशी असलेला सोलेनॉइड मग प्लंजर, म्हणजे आतला लोखंडी दांडा, ओढू शकत नसे. आता नवा स्विच आहे, आणि सोलेनॉइडला वीज बॅटरीपासून वेगळ्या रिलेतून, फ्यूज घालून दिली आहे. वाटेतला तोटा ०.३ व्होल्टवर आला. सहा आठवडे झाले, उन्हातही गाडी अडलेली नाही. हवा गार झाल्याचा इशारा वाचल्यामुळे मीटरची तार मात्र अजून काढलेली नाही.